नव्या तुरीचा धूप

त्या साली पावसाने जायचं नावच घेतलं नाही. सोंगलेलं सोयाबीन शेतात पडलेलं आणि वरून धार धरलेली. जानरावने ढिगावर ताडपत्री टाकली, ती वाऱ्याने उडाली. पुन्हा टाकून कडेने दगड ठेवले, तर आत वाफ कोंडली. उघाड पडल्यावर ढीग फोडला तेव्हा शेंगेतल्या शेंगेत दाण्यांना कोंब फुटलेले. तुळसाबाईने मूठभर शेंगा उचलून नाकाशी नेल्या. आंबूस, कुजका वास आला.

"मोड आले ना, उसय करा आता याची," ती म्हणाली.

जानरावला ही थट्टा सोसली नाही. तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन पाठ करून बसला. त्याला वाटलं बायको हसते आहे. हसत ती मुळीच नव्हती, पण रडून दाणे थोडेच वाळणार होते? सोयाबीनमध्ये पेरलेली तूर तेवढी उभी होती, आणि ती यायला थंडी सरायला हवी होती. तोवर घरात एकट्या हरीओमच्या कामावर चूल पेटायची. म्हणून दिवाळी झाल्या झाल्या तुळसाबाईने पदर खोचला आणि लेकाच्या मागोमाग ती दालमिलमध्ये झाडझुडीला लागली. सून वैजयंती येते म्हणत होती, पण तिला सासूनेच थांबवलं. "तू घर पाय. म्या हाये अजून धट्टीकट्टी."

मिल शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेला लागून होती. मालक गोलूशेठ, तिशीही न ओलांडलेला, बोलायला गोड. त्याचा बाप मागच्याच साली वारला होता आणि लग्न व्हायचं होतं, तेव्हा घरात बाईमाणूस म्हणजे त्याची आई रत्नमालाबाई. मिलमध्ये हरीओम एलिव्हेटर चालवायचा. लोखंडी वाट्या लावलेला तो उभा पट्टा खालच्या खड्ड्यातून तूर उचलायचा आणि वरच्या माळ्यावर नेऊन ओतायचा. तिथून ती दगडी रोलरात, मग चाळण्यांवर, आणि शेवटी डाळ होऊन पोत्यात. साल निघताना पिठासारखी जी पिवळट भुकटी उडायची तिला मिलमधली माणसं फक्की म्हणत. फक्की सगळीकडे. पापण्यांवर, कानात, भाकरीवर, चहाच्या कपात. छताच्या लोखंडी कैच्यांवर तर तिचा हातभर थर साचलेला. ती ओढून बाहेर टाकायला भिंतीत मोठा पंखा होता, पण त्याचा पट्टा दिवाळीतच तुटला होता. हरीओमने दोनदा आठवण दिली. गोलूशेठ म्हणाला, "सीझन होऊ दे, बसवू." मग हरीओम गप्प बसला. नोकराने किती वेळा आठवण द्यावी यालाही एक माप असतं.

खाली पोती ओढायला रूपला होता. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, अंगाने आडवा, हसरा. बायको रुपाबाई आणि पोरगी रीता यांना घेऊन तो मिलमागच्या खोलीत राहायचा. तांड्यावरची बाकी माणसं उसतोडीला गेली होती. रूपला म्हणायचा, "उसापरीस इथं सावली तं हाये, मावशी." एकदा एलिव्हेटरची वाटी जोडताना वेल्डिंगची ठिणगी खड्ड्यात पडली आणि भक्कन जाळ वर आला. वाकून बघणाऱ्या रूपलाच्या भुवया आणि अर्धी मिशी साफ झाली. सगळी मिल पोट धरून हसली. रत्नमालाबाईने खड्ड्यापुढे नारळ फोडला आणि मोठं खोबरं रूपलाच्या हातावर ठेवलं. भुवया परत आल्या, गोष्ट तिथेच राहिली. डाळीच्या भुकटीने आग लागते हे कुणाच्या डोक्यात येणार? खायची वस्तू ती. पेट्रोल थोडीच होती.

तुळसाबाईचं काम म्हणजे दिवसभर वाकणं. खराटा, घमेलं, पोतं. झाडलेलं तासाभरात पुन्हा होतं तसं. कंबर धरून यायची, रात्री खोकला यायचा, थुंकी पिवळी पडायची. कामाचं तिला काही वाटत नसे. वाटायचं ते दुपारचं. जेवायच्या वेळी हिशेबनीसाच्या ओट्याला सावली असे, पण तिथे ती टेकली की रत्नमालाबाई वरच्या घरातून म्हणायची, "तुळसाबाई, अंग झटकून ये आधी. नाई तं खालीच बस ना, बापा. गाद्या खराब होतात." तुळसाबाई खालीच बसायची. स्वतःच्या शेतातली तूर याच मिलला घालणारी बाई, पण पदरावर फक्की पडली की तिची मजुरीण झाली.

म्हणून संक्रांत झाल्यावर जेव्हा रत्नमालाबाईने तिला वर बोलावलं, तेव्हा ती आधी अंगणात उभी राहून चांगली दोन मिनिटं लुगडं झटकत राहिली.

"राहू दे, राहू दे. ये वर," रत्नमालाबाई म्हणाली. "बस."

तुळसाबाई बसली नाही. उंबऱ्याला टेकून उभी राहिली.

"नवी तूर येऊन राह्यली. पूजा हाये सोमवारी. दर साली धूप मीच फिरवतो, तुले माहीत हाये. औंदा माह्या हातानं चालत नाई." रत्नमालाबाईने आपलं मोकळं कपाळ दाखवायला मान जराशी वर केली. "घरात सवाष्ण नाई. भटजी म्हणते, तूर पिकवनाऱ्या घरची सवाष्ण पायजे. तू कर."

मिलचा तो रिवाजच होता. नव्या तुरीची पहिली गाडी आली की मिल वरपासून खालपर्यंत झाडायची, कारण झाडल्याशिवाय लक्ष्मी आत पाय ठेवत नाही. आणि मग सवाष्णीने धुपाटणं घेऊन प्रत्येक मशीनभोवती, प्रत्येक कोपऱ्यात फिरायचं. धूर जिथे पोचेल तिथे बरकत.  तुळसाबाईचे डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला, पण आले ते आले.

घरी येऊन तिने पेटीतली हिरवी साडी काढली. वैजयंतीने ती झटकली, घडीवर हात फिरवला. जानराव म्हणाला, "पाय बा, बुढीले आता शेठानी केली." त्या दिवशी घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं.

झाडझूड आदल्या दिवशीच व्हायची होती. पण रविवारी वाशीमच्या एका व्यापाऱ्याची डाळ द्यायची म्हणून मिल संध्याकाळपर्यंत चालली, आणि कैच्या झाडायच्या तशाच राहून गेल्या. सोमवारी सकाळी हरीओम बांबूला खराटा बांधून माळ्यावर चढला. खाली रूपला. वर्षाची फक्की लोंढ्यांनी खाली यायला लागली. थंडीचे कोरडे दिवस, हवेत ओल नावाला नाही. खाली आलेली फक्की जमिनीवर बसेचना, नुसती तरंगत राहिली. खिडकीतून येणारं ऊनसुद्धा पिवळं दाट झालं. ओढून घेणारा पंखा आपला भिंतीत गप्प उभा.

दाराशी तुळसाबाई तयार होती. न्हालेली, हिरवी साडी, कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू. धुपाटण्यात गवऱ्यांचे इंगळ फुललेले. भटजी घड्याळ बघत होता.

"झालं का रे, हरीओम?" गोलूशेठने विचारलं.

"नाई अजून. एक बाजू राह्यली."

"मुहूर्त टळून राह्यला," भटजी म्हणाला.

रत्नमालाबाई सरळ तुळसाबाईकडे वळली. "जाय तू. तो झाडते तवरक अलीकडून फिरव. देवीले काय फक्कीचं वावडं हाये?"

तुळसाबाईने इंगळांवर ऊद आणि राळ टाकली, हातपंख्याने वारा घातला. धूर निघाला, मग एक लहानसा जाळ. ती दारातून आत झाली. वरून हरीओमचा आवाज आला, "माय, थांब जराशी, डोयात जाईन तुह्या." फक्की डोळ्यात जाईल एवढीच त्याला काळजी. ती मान वर करून म्हणाली, "जाऊ दे रे." तेवढंच.

तिला आवाज आठवत नाही. आधी एक मऊ भपका झाला, हातातल्या धुपाटण्यापासून सुरू झालेला, आणि पिवळी हवाच्या हवा पेटत आत गेली. कुणीतरी छातीला धरून मागे ढकलावं तशी ती दाराबाहेर पडली. त्या पहिल्या धक्क्याने कैच्यांवरची उरलेली सगळी फक्की एकदम खाली आली, आणि मग दुसरा झाला. तो गावागावात ऐकू गेला. छताचे पत्रे हायवेवर जाऊन पडली. एक भिंत बाहेरच्या बाजूला निजली. ट्रकवाले ट्रक सोडून पळाले.

तुळसाबाई उठली तेव्हा तिच्या पदराला आग होती. कुणीतरी पोतं टाकून विझवली. तिच्या केसांचा, हाताचा जळका वास येत होता आणि दुखत काहीच नव्हतं. ती आत धावली, माणसांनी धरली. ती ओरडत नव्हती. "वर हाये तो, वर हाये," एवढंच म्हणत होती. हरीओम वर नव्हता. पडलेल्या भिंतीतून तो बाहेरच्या तुरीच्या ढिगावर फेकला गेला होता. जिवंत होता. हातांची कातडी मनगटापासून सुटून हातमोज्यांसारखी लोंबत होती. रूपला रोलरच्या पायथ्याशी सापडला. त्याला चादरीत गुंडाळलं तेव्हा रुपाबाईला खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात हरीओमला जाळीच्या पलंगावर ठेवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत, तोंडाची डावी बाजू पट्टीत, एक डोळा उघडा. तुळसाबाईचा एक हात भाजला होता. दुसऱ्याने ती त्याला पेज भरवायची. वैजयंती घरी म्हशीपाशी, जानराव एक दिवस इथे, एक दिवस शेतात. तूर आता कापणीला आली होती. तिला काय माहीत घरात काय झालं.

गोलूशेठ संत्री घेऊन आला. पलंगाच्या कडेला उभा राहिला, बसला नाही. चेहरा खरोखर उतरलेला होता. लबाड माणसालाही झोप लागत नाही कधी कधी.

"मावशी, साहेब लोक येऊन राह्यले रोज," तो म्हणाला. "मानूस गेला म्हणल्यावर कारन लिहावं लागते."

"कारन तुमाले माहीत नाई का?"

"मले माहीत हाये. तुमाले बी माहीत हाये. पण कागदावर काय लिहू? देवीची पूजा केली म्हनून मिल उडाली?" तो थांबला. "अन् धुपाटनं कोनाच्या हातात होतं?"

तुळसाबाईने आपल्या पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. "म्या सोताहून नाई गेली. तुमच्या मायनं धाडली."

"आई बाहेर होती, मावशी. आत तुमी गेल्या. पोलीस तेच पायतीन. रूपला मेला हाये. कोनाले तरी आत घालतीनच."

पलंगावरून हरीओम बोलला. ओठ भाजलेले, शब्द जाड येत होते. "पंखा बंद होता ना, शेठ. दिवायीपासून. थे लिव्हा."

"ऑपरेटर कोन होता, हरीओम? पंखा बंद असताना मशीन कोन चालवलं?"

 दोनदा आठवण दिली होती हे हरीओमच्या तोंडापर्यंत आलं असावं, पण तोंडी आठवणीला साक्ष कोण? रूपला होता एक.

"मंग काय लिव्हता तुमी?" तुळसाबाईने विचारलं.

गोलूशेठ खाली बघत म्हणाला, "बिडी."

तिला आधी समजलंच नाही.

"बोर्ड हाये आपला भिंतीवर, बिडी पिऊ नये म्हनून. वर झाडता झाडता हरीओमनं पेटवली, चुकून झालं. दाराशी आमी अन् भटजीच होतो, आमी काई बोलत नाई. चुकीले फाशी नसते, मावशी. मिल लवकर सुरू होते. पन्नास घरांचं पोट हाये तिच्यावर. अन् हरीओमच्या जागी मी वैजयंतीवहिनीले कामावर घेतो, हा शब्द हाये माहा. इचार करा. मी चहा घेऊन येतो."

तो गेला. तुळसाबाईचा संताप संताप झाला. या पोराने जन्मात बिडी तोंडाला लावली नव्हती. लहानपणी जानरावच्या बिडीचा धूर आला की उठून बाहेर जायचा.

"त्याच्या तोंडावर फेकतो म्या हे संत्रे," ती म्हणाली. "सांगतो साहेबाले, धूप माह्या हातात होता. घालू दे मले आत."

"लिव्हू दे, माय."

"काय मनून लिव्हू दे? रूपला तुह्या नावावर चढवू?"

"तुले नेलं तं मले घास कोन भरवीन?" हरीओमने पट्टीतले हात जरा उचलून दाखवले आणि पुन्हा खाली ठेवले. "वैजयंतीले काम भेटते. म्या आता कोनत्या कामाचा? माह्या नावाले काय करता?"

ती रडायला लागली. तो तिला उघड्या डोळ्याने पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबाले सांगू नको. त्याच्या तोंडात तीय भिजत नाई. वैजयंतीले बी नको. तिच्यापासून बाबाले, बाबापासून गावाले."

चौकशीचे साहेब दोन दिवसांनी आले. उंच, थकलेला माणूस, हातात पाण्याची बाटली. त्यांनी मिल पाहिली होती. "धुळीचा एवढा थर साचू कसा दिला?" त्यांनी गोलूशेठला विचारलं. "दारूगोळाच की तो. पंखा का बंद होता?" गोलूशेठ म्हणाला, पट्टा मागवला होता, साहेब. साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि खोडलं नाही, पण त्याखाली रेघही ओढली नाही. हरीओमने बिडीचं सांगितलं. साहेबांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग तुळसाबाईकडे वळले.

"बाई, तुम्ही तिथं कशा होता?"

"पूजेले गेल्ती."

"पूजेत धूप असतो, दिवा असतो. पेटलेलं काही आत नेलं होतं का?"

आतापर्यंत तिला असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, खरं उत्तर, आणि एका शब्दात ते सांगून झालं असतं. पलंगाची जाळी करकरली. हरीओम हलला होता.

"नाई," तुळसाबाई म्हणाली. "म्या दारातच होती. आत नाई गेली."

साहेबांनी लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला, भाजला नव्हता त्या हाताचा.

होळीनंतर हरीओमला घरी आणलं. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून त्याचा एक गोळा झाला होता. डाव्याची दोन हलत. जानराव फाटकापाशी उभा होता. लेकाला त्याने ऑटोतून अलगद उतरवून घेतलं, पण लेक ओट्यावर टेकला न टेकला तोच तो म्हणाला, "तुले प्याचीच होती तं बाहेर येऊन प्याची. म्या काय मारलं असतं तुले?" धूप दारातच होता, आत गेलाच नाही, असं तुळसाबाईने घरीही सांगितलं होतं. गावात बापासमोर बिडी ओढायची नाही हा रिवाज. पोरगं लपून ओढत होतं, म्हणून असं झालं; आपण कडक बाप निघालो म्हणून झालं. जानरावने आपल्यापुरतं असं जुळवून घेतलं होतं आणि त्याच्यात तो आतून जळत होता. चौकात मात्र तो दुसरंच बोलायचा. "आमच्याच पोराची चूक, बा. म्या खोटं काऊन बोलू?" लोक माना डोलवायचे. प्रामाणिक माणूस म्हणायचे.

वैजयंतीने एवढंच म्हटलं, "मले कधी वास नाई आला." तिने हे नवऱ्याला विचारलं नाही, सासूकडे बघत विचारलं. तुळसाबाई चुलीकडे वळली आणि नसलेला जाळ सारायला लागली.  त्यानंतर सून नवऱ्याला भरवायची, न्हाऊ घालायची, सदऱ्याच्या गुंड्या लावायची, सगळं करायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. ज्याचं उष्टं आपण काढतो त्याने आपल्याशी खोटं बोलावं हे तिला गिळवत नव्हतं.

एक दिवस सकाळीच रुपाबाई आली. तांड्याहून, जीपने, रीताला कडेवर घेऊन. पाणी घे म्हटलं तर घेतलं नाही. अंगणात उभी राहून तिने ओट्यावरच्या हरीओमकडे पाहिलं. त्याचं तोंड, त्याचे हात. आली होती शिव्या द्यायला. पण ते हात बघून तिच्या शिव्या घशातच राहिल्या.

"एक बिडी," ती म्हणाली. "माह्या मानसापायी तुले एक बिडी नाई थांबवता आली. तुह्यासोबत जेवत होता तो. भाजी आनली का, पयले हरीओमले दे मने."

हरीओमने मान खाली घातली. "चुकलं, वहिनी."

"चुकलं," रुपाबाई म्हणाली. "बरं."

तुळसाबाई दाराच्या आत उभी होती. तिचे पाय आपोआप उंबऱ्याबाहेर आले. रुपाबाईच्या पायावर जाऊन पडावं, हे माह्या हातानं झालं म्हणावं, आणि मग जे व्हायचं ते होऊ द्यावं. पण ओट्याच्या टोकाला जानराव बसला होता, आणि हरीओमने मान न उचलता उघड्या डोळ्याने तिला थांबवलं. रीता भिऊन रडायला लागली होती. तिला ते तोंड बघवत नव्हतं. रुपाबाई तिला थोपटत फाटकाबाहेर गेली.  बाई असून बाईचं दुःख तुळसाबाईला घेता आलं नाही, याची लाज तिला जन्मभर पुरेल एवढी होती.

मिल उन्हाळ्यात सुरू झाली. नवे पत्रे, नवी भिंत. कारण बिडी ठरलं म्हणताना इलाजही बिडीवरच झाला: दारावर मोठा लाल बोर्ड आला, आणि आत जाणाऱ्याचे खिसे तपासायला एक माणूस बसला. पंख्याला पट्टा आला नाही. वैजयंती सकाळी डबा घेऊन जायची आणि दिवे लागायच्या आत यायची. हातपाय धुऊनही तिच्या पापण्या पिवळ्याच असत. तुळसाबाई रोज ते बघायची. "तोंडाले बांधत जाय वं," म्हणायची. "वर कोनी झाडत असन तं बाहेर येत जाय." सून म्हणायची, "बाहेर आलं तं खाडा मांडतात, आत्याबाई." खरं सांगितलं असतं तर ती सावध राहिली असती. पण खरं सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं होतं.

हरीओम दिवसभर ओट्यावर. माशी बसली तर मान झटकायचा. गावातली पोरं सुरुवातीला येऊन बसत, मग येईनाशी झाली. तो कुणाला काही मागत नसे. मागायला हात लागतात म्हणायचा, आणि हसायचा. ते हसणं तुळसाबाईला मारल्यासारखं लागायचं.

रोहिण्या लागल्या तरी आभाळ मोकळंच होतं. जानराव शेतातून धसकटं वेचून आला, डोक्याचं मुंडासं सोडून ओट्यावर लेकाशेजारी टेकला. एवढ्या दिवसांत तो इतका जवळ कधी बसला नव्हता. तुळसाबाई आत ताटात भाकरी मोडत होती. हरीओमला भरवायची वेळ झाली होती.

जानरावने बनियनच्या खिशातून बंडल काढलं. एक बिडी पेटवली, दोन झुरके घेतले. मग हातातल्या बिडीकडे बघत राहिला.

"मले राग आला होता तुह्यावर," तो म्हणाला. "लय आला होता. पन बापाचा राग किती दिवस राहीन? तुह्या जिवाची तलफ काई गेली नसन. अन् पेटवून देनारं कोनी नाई." तो खाकरला. "माह्यासमोर पे. लाजू नको आता. म्या काई मनत नाई."

आणि त्याने ती बिडी लेकाच्या ओठांपाशी धरली.

तुळसाबाई ताट घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. हरीओमने बापाकडे पाहिलं. जानरावच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान होतं, लेकाला काहीतरी देता आलं त्याचं. हरीओमने आईकडे पाहिलं नाही. त्याने भाजलेले ओठ उघडले, बिडी धरली आणि झुरका घेतला.

त्याला जोराचा ठसका लागला. जानराव त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "हळू. लय दिवसानं भेटली ना."

हरीओमने मान हलवली आणि दुसरा झुरका घ्यायला तोंड पुढे केलं.